मराठी प्रकाशकांनो, आमचं वय पण छापा की

प्रति,
मराठीतले सगळे लहान-मोठे प्रकाशक

नमस्कार काका, मावशी, दादा, ताई, ज्यांच्यापर्यंत हे पत्र पोचेल त्या सगळ्यांना,

मी सांगलीची, विश्रामबागला राहते, अकरावी सायन्सला आहे. मला दोन गोष्टी मनापासून आवडतात, एक म्हणजे आमच्या वयाच्या मुलामुलींच्या फँटसी कादंबऱ्या आणि दुसरी म्हणजे मेकअप, तो पण शे-दीडशेत येणारा, कारण माझा पॉकेटमनी महिन्याला 400 रुपये आहे आणि दोन्ही त्यातच बसवायचं असतं. या दोन्हीबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. मेकअपचं प्रकाशकांना कशाला सांगतेय असं वाटेल, पण पुढं वाचा, संबंध आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडं एक ग्रंथप्रदर्शन लागलं होतं. मी एका स्टॉलवरच्या काकांना विचारलं की मराठीत फँटसी आहे का, म्हणजे जादू, वेगळं जग, वेगळे प्राणी, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी. त्यांनी आधी मोठ्या टाइपातल्या, चित्रंवाल्या परीकथा काढून दिल्या. मी म्हटलं काका याच्या पुढचं. मग त्यांनी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दिली, हे वाच, संस्कार होतील म्हणाले. मी म्हटलं ऐतिहासिक मी वाचते, घरात आहेत, मला फँटसी पाहिजे. तर त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मी त्या दिवशी लिपस्टिक लावली होती, आणि बाजूच्या माणसाला म्हणाले, या पोरींकडं लिपस्टिकला पैसे असतात, पुस्तकाला नसतात. माझ्या हातात त्या वेळी दुसऱ्या स्टॉलवर घेतलेली दोन पुस्तकं होती, ती त्यांना दिसली नाहीत. मी काही न बोलता घरी आले आणि रात्री रडले, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं. तो स्टॉल कुणाचा ते मी सांगणार नाही, मला एका माणसाशी भांडायचं नाहीये, मला तुम्हा सगळ्यांकडून पुस्तक पाहिजे.

आधी आम्ही काय वाचतो ते सांगते. बहुतेक सगळं इंग्रजीत. आम्ही सहा मैत्रिणी आहोत, एक पुस्तक चारशे-पाचशेच्या खाली येत नाही, म्हणून एक जण घेते आणि सहा जणी वाचतात, मधल्या पानांवर चहाचे डाग कुणाचे यावरनं भांडणं होतात. माझं सगळ्यात आवडतं एरागॉन, ड्रॅगनच्या अंड्याची गोष्ट, आणि ते आवडण्यामागं आणखी एक कारण आहे. क्रिस्टोफर पाओलिनीनं ते लिहायला घेतलं तेव्हा तो 15 वर्षांचा होता, 2002 साली त्याच्या आईवडलांनी ते स्वतःच छापलं, पोरगं शाळा-लायब्रऱ्यांमध्ये जाऊन पुस्तकाबद्दल बोलायचं, आणि 2003 ला मोठ्या प्रकाशकानं ते उचललं. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही बोलतच नव्हते. पर्सी जॅक्सन पण आवडतं, कारण त्यातल्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, अक्षरं डोळ्यासमोर नाचतात, आणि तोच हिरो आहे. त्याचा लेखक रिक रायर्डन, त्यानं त्या गोष्टी आधी स्वतःच्या मुलाला झोपताना सांगितल्या होत्या आणि त्या मुलाला खरंच हा त्रास होता. म्हणजे एका बापानं ठरवलं की माझ्या पोराला शाळेत जे कमीपणाचं वाटतं तेच गोष्टीत ताकद म्हणून यायला पाहिजे. असं आमच्यासाठी मराठीत कोण बसून लिहितंय?

मला सगळंच आवडतं असं नाही हं. दोन मुलगे एक मुलगी आणि तीन जाड भाग होईपर्यंत तिचं ठरतच नाही, असल्या कादंबऱ्यांचा मला आता कंटाळा आलाय. जादूला नियम नसले तर मला ते पुस्तक सोडावंसं वाटतं, कारण मग लेखक अडकला की नवीन मंत्र काढतो आणि सुटतो. एरागॉनमध्ये जादू केली की अंगातली शक्ती तेवढी खर्च होते, हातानं ते काम करायला जेवढी लागली असती तेवढी, आणि झेपत नसताना केली तर जीव जाऊ शकतो. हे मला फिजिक्ससारखं वाटतं, खरं वाटतं. आणि ज्या मुलीला तलवार चालवता येते तिला नटायला आवडत नाही, नटणारी मुलगी मात्र बावळट नाहीतर दुष्ट, हे अजून किती दिवस चालणार? हंगर गेम्स मला म्हणून जवळचं वाटतं, ती फँटसी नाही म्हणा पण आमच्या कपाटात शेजारीच असते, त्यातला सिन्ना हा कपडे-मेकअप बघणारा माणूस स्वतः फक्त सोनेरी आयलायनर लावतो आणि त्यानं शिवलेल्या कपड्यांनी अख्खं सरकार हलतं. नटणं हे हत्यार असू शकतं हे लेखिकेला कळलंय.

आता मराठी. तुम्ही म्हणाल मुलं मराठी वाचत नाहीत. हे मी खूप ऐकलंय आणि मला ते पटत नाही, का ते सांगते. एरागॉन वाचून झालं तेव्हा ट्यूशन सुरू व्हायच्या आधी मी मैत्रिणींना रोज पंधरा मिनिटं ती गोष्ट मराठीत सांगायचे. त्यातल्या दोघी दहावीपर्यंत मराठी माध्यमातल्या, त्यांना इंग्रजी पाचशे पानं हातात घ्यायचीच भीती वाटते, पण त्या दोघी कधी नव्हे ते ट्यूशनला वेळेच्या आधी येऊन थांबायच्या, आणि एका दिवशी सर लवकर आले म्हणून गोष्ट अर्धी राहिली तर एकीनं रात्री फोन करून पुढचं विचारून घेतलं. ती मुलगी मराठी वाचत नाही असं कोण म्हणेल? तिच्यासाठी काही नाहीये म्हणून वाचत नाही.

लहान होतो तेव्हा आमच्यासाठी होतं. बालभारतीचं किशोर मासिक, 1971 पासून निघतंय, आमच्या शाळेत यायचं आणि मी ते शेवटच्या पानापासून वाचायचे. आज्जीकडं चांदोबाचे जुने अंक होते, विक्रम-वेताळ मी त्यातच वाचलं. मग हॅरी पॉटर मराठीत वाचलं, हॅरी पॉटर आणि परीस, आणि मला अजून वाटतं की परीस हा शब्द मूळ नावापेक्षा भारी आहे, कारण परीस म्हटलं की आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. (ते पुस्तक मराठीत आणलं भोपाळच्या प्रकाशकानं. हे मला कळलं तेव्हा जरा वाईट वाटलं, खरंच.) पण बारा-तेरा वर्षांनंतर काय? एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधलं पाच-सहा वर्षांचं वय आहे ना, मुंज्यासारखं लटकतंय, ना इकडं ना तिकडं, त्या वयासाठी दुकानात कप्पाच नाही.

आणि असं नाही की फँटसी आपली नाही. मी सांगलीची आहे म्हणून सांगते, मराठी नाटक जिथं सुरू झालं म्हणतात ते आमचं गाव, 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं. त्या नाटकांत काय होतं? देव, राक्षस, तोंडं रंगवलेली, आरडाओरडा करत येणारे, त्याला अललडुर्र नाटकं म्हणायचे लोक. म्हणजे पहिल्याच दिवशी स्टेजवर फँटसी पण होती आणि मेकअप पण होता! हे मला ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की काय सांगू. वि. स. खांडेकर सांगलीतच जन्मले, 1898 ला, आणि त्यांच्या ज्या कादंबरीला मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ मिळालं त्या ययातिमध्ये बाप पोराचं तारुण्य मागून घेतो. शापानं माणूस एका क्षणात म्हातारा होतो. तो कच, त्याला दैत्यांनी मारून, जाळून, राख दारूत मिसळून त्याच्याच गुरूला पाजली, आणि तो पोट फाडून जिवंत बाहेर आला. ही मूळ पुराणातली गोष्ट आहे, माझ्या कुठल्याच इंग्रजी पुस्तकात एवढी भयंकर नाहीये. जुनी मोठी माणसं हे सगळं वापरून गेलीत, मग आमच्यासाठी वापरायला काय हरकत आहे?

2018 ला अमेरिकेत आरू शाह नावाच्या मुलीची कादंबरी आली, रोशनी चोक्शीची, त्यात पांडव आत्ताच्या काळात मुली होऊन जन्मतात. मला ती आवडली, पण वाचताना सारखं वाटत होतं की ही गोष्ट अटलांटाला घडतेय आणि इथं आमच्या शेजारी वाईला लोक विराटनगरी म्हणतात, तिथं पांडवगड नावाचा किल्लाच आहे, आमच्या आज्जीचं माहेर तिकडचं, ती लहानपणी सांगायची की पांडव इथं नाव बदलून राहिले होते. अज्ञातवासात राहिलेली माणसं, द्रौपदी सैरंध्री झालेली, म्हणजे राणीचा साजशृंगार करणारी, वेण्या घालणारी! बघा, पुन्हा मेकअप. यावर वाईतल्या कुठल्यातरी पार्लरवाल्या ताईच्या मुलीची कादंबरी कुणाला सुचू नये?

मला तर रोज सुचतं. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला पूर्वी जमिनीखाली पेवं होती, हळद साठवायची, 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. जमिनीखाली अंधार, पिवळी धूळ, तोंड बंद केलेलं, आणि वर कृष्णा-वारणेचा संगम. आता तुम्हीच सांगा, एखादी मुलगी त्या पेवात उतरली आणि खाली दुसरंच काहीतरी असलं तर? बत्तीस शिराळ्याची नागपंचमी, तिला जोडलेली गोरक्षनाथांची गोष्ट. कृष्णेवरचा आयर्विन पूल, तिथंच पुराचं पाणी फुटांत मोजतात. 2019 च्या पुरात मी दहा वर्षांची होते, आम्ही काकाकडं मिरजेला जाऊन राहिलो होतो आणि मोठी माणसं दिवसभर फक्त फूट मोजत होती, 50 झालं, 53 झालं, आणि पाणी 57 च्या वर गेलं, धोक्याची पातळी 45. पाणी ओसरल्यावर गावातली भिजलेली पुस्तकं मी बघितली आहेत, फुगलेली, एकमेकांना चिकटलेली, त्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. नदी एवढी का रागावली याची गोष्ट मला पाहिजे होती तेव्हा, आणि भूगोलाच्या पुस्तकातली मिळाली, ती पण पाहिजेच, पण ती पुरत नाही ना. 2025 ला दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष आमच्या सांगलीच्या तारा भवाळकर होत्या, त्यांनी आख्खं आयुष्य लोकसाहित्य, बायकांच्या ओव्या, कहाण्या यावर घालवलं. कच्चा माल घरात भरून ठेवलाय त्यांनी. शिजवायचं कुणी?

आता मेकअपचं सांगते, कारण मला वाटतं तुम्ही मेकअपवाल्यांकडून शिकायला पाहिजे.

कापडपेठेत नाहीतर मारुती रोडला मी आणि आई जातो तेव्हा मी बघते, लिपस्टिकचा मोठा पॅक चारशेचा असतो आणि त्याच्याच शेजारी मिनी असतो, बोटाएवढा, शंभर-सव्वाशेला. कंपन्यांना कळलंय की कॉलेजच्या मुलीकडं एका वेळी शंभरच रुपये असतात, पण ते दर महिन्याला असतात. शांपूची पुडी पण तशीच घरोघरी पोचली. आणि तुम्ही सहाशे पानांचं पुस्तक सातशे रुपयांना ठेवता आणि म्हणता मुली घेत नाहीत. ते पुस्तक मला शंभर-सव्वाशे पानांच्या भागांत द्या ना, एक भाग 120 रुपये, दर दोन महिन्यांनी एक, साध्या कागदावर, पातळ कव्हर, मी पिशवीत टाकून कॉलेजला नेईन. हे काय नवीन नाहीये, ह. ना. आपट्यांनी 1890 ला ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातनं हप्त्याहप्त्यानं आली, लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे, हे आम्हाला मराठीच्या मॅडमनी सांगितलंय. कागद महाग झालाय, दुकानदाराचं कमिशन असतं, हे मला कळतं, बाबांचा छोटा व्यवसाय आहे, घरात हिशोबाच्या गोष्टी ऐकतच वाढलेय. पण पुस्तकावर जीएसटी शून्य आहे आणि माझ्या लिपस्टिकवर 18 टक्के, तरी लिपस्टिकवाल्याला मला परवडणारं काहीतरी काढता आलं.

मेकअपवाले जिथं चुकतात तिथं मात्र शिकू नका. माझा रंग सावळा आहे. स्वस्तातल्या फाउंडेशनचे दुकानात चार-पाच शेड असतात आणि त्यातले तीन गोऱ्या मुलींचे, उरलेला एक लावला की तोंड राखेसारखं दिसतं. ताई म्हणतात, घे गं, थोडा उजळ घेतला तर चांगलंच की. चांगलं नाही ते. मी आता फाउंडेशन घेतच नाही, सनस्क्रीन, काजळ आणि विटकरी रंगाची लिपस्टिक, झालं, आणि ती विटकरी लिपस्टिक शोधायला मला चार महिने आणि दोन चुकीच्या लिपस्टिक लागल्या. आणि हेच मराठी गोष्टींत पण आहे, राजकन्या म्हटली की गोरीपान, नाजूक, केतकीसारखी, सावळी कोण तर दासी नाहीतर चेटकीण. मी अशा गोष्टी वाचत मोठी झालेय आणि त्याचा माझ्यावर परिणाम झालाय हे मला आत्ता कळतंय. तुमच्या नवीन कादंबरीतली मुलगी माझ्या शेडची असू दे. तिनं काजळ घातलेलं असू दे आणि राक्षसाशी लढून झाल्यावर ते पसरलेलं पण असू दे.

एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं नववीत असताना एका दुकानातनं गोरं व्हायचं क्रीम घेतलं, चिठ्ठी-बिठ्ठी काही न विचारता मिळालं, महिनाभर लावलं, पहिल्यांदा खरंच उजळली आणि मग क्रीम थांबवलं की तोंड लाल, आग, बारीक बारीक पुटकुळ्या. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं त्यात स्टेरॉइड होतं, ते आजारासाठी डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस लावायचं असतं, नाहीतर कातडी पातळ होते. ती वर्षभर ओढणी तोंडाला बांधून शाळेत आली. तिला आधी कोण सांगणार होतं? आईला माहीत नव्हतं, शाळेत कुणी बोलत नाही, आणि रील्समधल्या मुली क्रीम विकत असतात. म्हणून माझी तुमच्याकडं दुसरी मागणी आहे, आमच्या वयासाठी त्वचेवर आणि मेकअपवर एक खरं पुस्तक मराठीत काढा, त्वचेच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्या उन्हाला सनस्क्रीन का पाहिजे, एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनवरचा ऊन अडवायचा आकडा, 30 नं यूव्हीबीची, म्हणजे कातडी भाजणारी, साधारण 97 टक्के किरणं अडतात आणि 50 नं 98, म्हणजे मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे द्यायची गरज नाही. डब्यावरचं उघड्या बरणीचं छोटं चित्र, त्यात 12एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवायचं. मस्कारा तीन महिन्यांत बदलायचा आणि मैत्रिणीचा लावायचा नाही. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघायचं. कॉस्मेटिकमध्ये पारा घालायला कायद्यानं बंदी आहे. हे मी तुकड्या-तुकड्यानं इंग्रजीत वाचून गोळा केलंय, तीन वर्षं लागली. 96 पानांत बसेल सगळं.

आणि नटणं म्हणजे उथळपणा हे तुमच्यातल्या कुणाच्या मनात असेल तर त्यांनी मिरजेला एक चक्कर मारावी. 1905 ला तिथं बालगंधर्व पहिल्यांदा किर्लोस्कर कंपनीत शकुंतला म्हणून उभे राहिले. पुरुष माणूस, तोंडाला रंग, केसात गजरा, आणि घराघरातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला आणि गजरा माळायला शिकल्या. त्यांच्या नावानं नाट्यगृहं आहेत आणि ते बरोबरच आहे, मला त्यांचा अभिमान वाटतो. मग मी स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या तोंडाला, सव्वाशेची लिपस्टिक लावली तर मला पुस्तक दाखवण्याआधी माझ्या ओठांकडं का बघायचं?

लिहिणाऱ्यांना पण एवढं सांगा प्लीज. शेवटी सगळं स्वप्न होतं असं करू नका, फसवल्यासारखं वाटतं. प्रत्येक चार पानांनी शिकवण नको. भाषा आमची असू दे, राजा बोलला तरी माणसासारखा बोलू दे, आणि आमच्याकडची मुलं आमच्याकडचं बोलू देत, पुण्याचं नको. प्रेम असू दे, पण थोडं. आणि आधी हस्तलिखित आम्हाला वाचायला द्या, मी खरंच सांगते, आम्ही सहाही जणी फुकट वाचून देऊ आणि कुठं कंटाळा आला ते पान नंबरसकट कळवू.

पेवातल्या मुलीची गोष्ट मी स्वतः वहीत लिहायला घेतलीय, 34 पानं झालीत, ती आत्ता छापा असं मी म्हणत नाही, मला अजून शिकायचंय आणि बारावी पण आहे. मला आधी वाचायला पाहिजे, माझ्या भाषेत, म्हणजे मला कळेल की असं लिहितात.

पहिल्या भागाचे 120 रुपये मी कंपासपेटीत वेगळे ठेवलेत. बाकीच्या पाच जणींनी पण हो म्हटलंय, म्हणजे सांगलीतनं 720 रुपयांची ऑर्डर आत्ताच पक्की धरा. कधी येतंय ते कळवा.

तुमची,
अकरावीतली एक वाचक
विश्रामबाग, सांगली